बिनआवाजाचा पंखा

"आज नाही जोडलास, तर भंगारवाल्याला हाक मार," असं म्हणत लखननं मॉनिटर टेबलावर टेकवला. ममतानं खाटेखालची खोकी एकेक करून बाहेर ओढली. मदरबोर्डच्या खोक्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं.

लखनचं खरंच होतं. तो शेजारच्या खोलीतला, वापीला कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. गिऱ्हाईकांनी नवं घेतलं की काढून टाकलेले भाग तो ममताला आणून द्यायचा, आणि बदल्यात ममता त्याच्या बहिणींना गणित शिकवायची. वर्गातल्या अमोलच्या घरी ती एकदा गाडी पळवायचा खेळ खेळली होती आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. आपला कॉम्प्युटर आपणच जोडायचा, हे ठरलेलं. कसा जोडायचा, तेही तोंडपाठ. भागसुद्धा कधीचे जमलेले. अडलं होतं ते एवढ्यावरच, की कधी?

कारण खोली एकच होती, आणि त्या खोलीत दिवसा आबा झोपायचे.

झोपायचे म्हणजे आपले आडवे पडायचे. आबा, ममताचे वडील, सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात ऑपरेटर. त्यांच्याशी पाळी बदलणारा जोडीदार नंदुरबारला गावी गेला तो परतलाच नाही, आणि रात्रपाळी कायमची आबांच्या गळ्यात पडली. चाळीची एक रीत होती. रात्रपाळीवाला झोपला की दाराच्या कडीला टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की दूधवाला ओरडत नसे, पोरं क्रिकेट पलीकडच्या मैदानात नेत, आणि केसरबाई भांडणसुद्धा कुजबुजत भांडत.

घरात तर विचारूच नका. आईनं कुकर माळ्यावर टाकला, डाळ पातेल्यात शिजू लागली. नळाच्या तोंडाला फडकं बांधलं. ममता पुस्तकाची पानं जपून उलटायची. तरी आबा आपले या कुशीवरून त्या कुशीवर. डोळे लालभडक, चेहरा उतरलेला. दवाखान्यातल्या गोळ्यांनी नुसतं डोकं जड व्हायचं.

आणि पहाटे कारखान्यात, त्या सगळ्या घरघराटात, उभ्या उभ्या डुलकी! गेल्या आठवड्यात सुपरवायझरनं मशीन थांबवलं, तेव्हा कुठं आबा खाडकन जागे झाले. "अब की बार सोया ना चिंधाभाई, तो सीधा गेट के बाहर," त्यानं सगळ्यांदेखत सुनावलं.

त्या दिवशी आईनं भिंतीवरचं टिकटिकणारं घड्याळही उतरवलं.

अशा घरात कॉम्प्युटर कुठून लागणार? त्याला थंड ठेवणारा पंखाच केवढा आवाज करतो! ममतानं लखनला बजावून ठेवलं होतं, "मला बिनआवाजाचा पंखा पाहिजे."

"ममताबेन, बिनआवाजाचा पंखा म्हणजे बंद पडलेला पंखा," लखन हसायचा. "आणून दिलाय तो लाव, नाहीतर बस वाट बघत."

ती वाट बघत बसली होती. वाट बघून बघून आता खेळाचीही हौस ओसरत चालली होती. पण आज खेरडीला गाववाल्याच्या मुलीची हळद होती, आणि आबा रात्रपाळी करून परस्पर तिकडं गेले होते. संध्याकाळपर्यंत घर मोकळं. आज जोडायचा, एकदा खेळायचं, आणि पुन्हा खोक्यात भरायचा. बस!

लखन मॉनिटर ठेवून वापीला निघून गेला. आई केसरबाईंकडं पापड लाटायला बसली. ममतानं भिंतीकडं तोंड करून सगळं मांडलं. प्रोसेसर बसवला, रॅम दाबली, वायरी जोडल्या, पंखा आवळला. मग श्वास रोखून बटण दाबलं.

घर्रर्रर्र!

टेबल थरथरलं. मांडणीवरच्या वाट्या किणकिणल्या. पण पडदा उजळला, आणि लखननं हार्ड डिस्कमध्ये भरून दिलेली लाल गाडी समोर उभी राहिली. मग ममता होती आणि रस्ता होता. मागं दार उघडलं काय, मिटलं काय, तिला पत्ताच नव्हता.

खांद्यावर हात पडला तेव्हा ती दचकली. आई होती, पांढरीफटक.

"अगं, कडीला टॉवेल बांधलाय!"

ममतानं मागं वळून पाहिलं. आबा खाटेवर पडले होते. पायांत चपला तशाच, कपाळाला हळद, तोंड उघडं. बसल्या जागी पेंगताना बघून मांडवातल्या लोकांनी घरी पाठवलं असणार. आवाज न करता ते आत आले होते, सवयीनं कडीला टॉवेल बांधून. छाती संथ वर-खाली होत होती. इतके गाढ झोपलेले आबा ममतानं कधी पाहिलेच नव्हते.

"बंद कर ते आधी," आई ओठांनीच म्हणाली. "आज झोप मोडली तर रात्री नोकरी जाईल त्यांची."

ममतानं झटक्यात बटण बंद केलं. पंखा घरघरत, अडखळत थांबला. खोलीत पुन्हा तीच शांतता पसरली, सगळ्या घरानं मिळून जपलेली.

आबा ताडकन उठून बसले. तुटलेला धागा पकडायला जावेत तसे त्यांचे दोन्ही हात पुढं झाले आणि हवेतच राहिले.

"काबरं बंद पडलं मशीन?" त्यांनी विचारलं. मग टेबलाकडं पाहिलं, ममताकडं पाहिलं, आणि पुन्हा हळूहळू उशीवर डोकं टेकलं.

"चालू कर ना, माय. आज जरा कुठं डोळा लागला होता."