बहिरी काठी

"ही पण बहिरी निघाली." डेल्मरने मासेमारीची काठी नेडीनच्या टेबलावर आदळली.

नेडीनने त्याला यंदा बांधून दिलेली ही तिसरी काठी. तीस वर्षं तो लोकांना होडीत बसवून तलावात बास मासे पकडायला नेत होता. नखाएवढं आमिष खोल पाण्यात सोडायचं, मासा ते अलगद तोंडात घेतो तेव्हाची टिचकी बोटांना कळली पाहिजे. सगळी विद्या एवढीच. कर्करोगाच्या औषधांनी जीव वाचला, बोटं बधिर झाली. सहा महिन्यांत ठीक होईल, डॉक्टर म्हणाले होते. त्याला दोन वर्षं झाली.

"शर्टाची बटणं कोण लावतं रे तुझी?" नेडीनने विचारलं.

"बायको. पण बटणांचा इथे काय संबंध? हलकी काठी दे."

नेडीन उठली. भिंतीला लावलेल्या काठ्या तिने एकेक वाकवून पाहिल्या, परत ठेवल्या. शेवटी फळीवरून स्वतःसाठी जपलेली काढली. कार्बनची, करंगळीहून बारीक. अजून तिला ना मूठ, ना दोरीच्या कड्या.

"याहून हलकी माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसेल." तिने जाड टोक त्याच्या हातात दिलं. "मी गुणगुणते. आवाज काठीतून हातात उतरला पाहिजे. डोळे मीट. आणि लबाडी नको."

मशीन चालवताना कानांवर घालायचं झाकण तिने त्याच्या डोक्यावर चढवलं. बारीक टोक स्वतःच्या गळ्याला टेकवलं आणि गुणगुणायला लागली.

डेल्मर डोळे गच्च मिटून उभा. चेहरा कोरा.

तिने आवाज चढवला. काठी थरथरताना तिला दिसत होती. त्याने मूठ आवळली, सैल केली, पुन्हा आवळली. ती गातच राहिली, अगदी दम लागेपर्यंत. मग तिचा आवाज चिरकला आणि ती थांबली.

काठीची थरथर केव्हाच थांबली होती.

"आलं!" डेल्मर एकदम ओरडला. "नेडीन, आलं गं! कोपरापर्यंत आलं!"

नेडीनने टोक गळ्यापासून काढलं नाही.

"थांबू नकोस," मिटल्या डोळ्यांनी तो म्हणाला. "अजून थोडं गा."