उरलेल्या गोळ्यांचा डबा

सहा वर्षांच्या लेकीला, रेवाला, शाळेत सोडून नीलांबरी आईबरोबर तपासणी केंद्रात आली होती. नीलांबरीच्या पोटातले जंतू काचेच्या सहा खणांत वाढवून यंत्राने प्रत्येक खणात औषधांचा वेगळा संच सोडला होता. दोन खणांत तीन औषधांचे संच होते, चारांत चार औषधांचे. सहाही खणांत जंतू जिवंत राहिले.

“तुमच्या अल्सरवर आता एकही संच चालणार नाही,” सिस्टर म्हणाल्या आणि जंतूंची वंशावळ पुढे केली. भेटलेलं प्रत्येक औषध जंतूंना आठवत होतं. पहिली भेट सत्तावीस वर्षांपूर्वीची, पाच दिवसांची, हे जंतू नीलांबरीकडे येण्याआधी आईच्या पोटात होते तेव्हाची.

नीलांबरी शेजारच्या खुर्चीतल्या आईकडे वळली. “कोर्स चौदा दिवसांचा होता ना गं?”

“दुखायचं थांबलं, मग कशाला खायच्या?” द्वारकाबाई म्हणाल्या. “टाकल्या नाहीत हो. सगळ्यांच्या उरलेल्या मी डब्यात ठेवते. डबा कायम पिशवीत असतो.”

“आणि माझं पोट दुखलं की त्यातली एखादी मला!”

“आईच्या मायेनंच दिली ना?”

“माया कसली! जंतूंची शिकवणी घेतलीस तू! प्रत्येक औषध थोडंथोडं चाखवून त्यांना पास केलंस, आणि नापास मी झाले!” नीलांबरीचा आवाज चढला. सगळे वळून बघू लागले. “काढ तो डबा. आत्ता, माझ्यासमोर रिकामा कर.”

द्वारकाबाईंनी पिशवीतून गोल पितळी डबा काढला आणि झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

“संपल्या,” त्या हळूच म्हणाल्या. “परवा रेवाचं पोट दुखत होतं.”