चिऱ्यांवर जीप

विनेशने टेम्पोतून जॅक उतरवला आणि अंगणातल्या जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या ढिगाला टेकवून ठेवला. उभा केल्यावर तो कृष्णाबाईच्या खांद्याला लागत होता. लाल रंगाचा, मध्ये दातेरी पट्टी, बाजूला लांब दांडा.

बोर्लीच्या दुकानात त्याने तिला आधी चाकांवर सरकणारा बसका जॅक दाखवला होता. शहरातली माणसं हाच नेतात, म्हणाला होता. माझ्या वाडीत लादी बसवलीय काय, असं तिने विचारलं होतं. मग त्याने बाटलीसारखा काढला. तसला तिच्या घरी होताच, त्याचं तेल गळून गेलं होतं, आणि जीपखाली पुरायला त्याला तीन फळ्यांची उशी लागायची. तिने कोपऱ्यातल्या या लांबड्याकडे बोट केलं. तो चिखलात, डोंगरात मुद्दाम गाड्या घालणाऱ्या पोरांसाठी आणलाय, असं विनेश हसून म्हणाला. तिने तोच घेतला. एसटीत चढवता येणार नाही म्हणून विनेश तो दिवेआगरला स्वतः घेऊन आला होता.

जीप मागे, सुपाऱ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती. तिच्यावरची ताडपत्री कृष्णाबाईने सकाळीच काढली होती. टायर तळाशी चपटे झाले होते, मातीच्या रेषेपर्यंत गंज चढला होता.

"गेल्या साली चढवली नाय काय, काकी?"

"राहून गेलं."

विनेशने जॅक उचलून जीपपाशी आणला. गेल्या वैशाखात काकांच्या बाराव्याला तोही आला होता.

पावसाच्या तोंडावर कोळ्यांच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या की तिचा नवरा जीप चिऱ्यांवर चढवायचा. चारही चाकं अधांतरी, ती दसऱ्यापर्यंत. वाडीत पाणी साचलं तरी जीपच्या पायाला लागायचं नाही. काम दोघांचं होतं. तो जॅकपाशी उभा, ती चाकापाशी उकिडवी, हातात माडाच्या झावळीची लांब काडी, एक हीर. हीर टायरखालून अडखळल्याशिवाय आरपार गेला, की ती बस म्हणायची आणि तो थांबायचा.

पनवेलहून निकेतचा फोन आला होता. अजून एक पावसाळा जीप पाण्यात उभी राहिली तर दसऱ्याला भंगारवाल्याला बोलावतो, आई, तशीही चालवणार कोण, असं तो म्हणाला होता. त्याचंही काही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती पहिल्या एसटीने बोर्लीला गेली.

विनेशने एक कोपरा जरासा उचलून दाखवला. दांडा खाली दाबला की एक दाता वर. हात काढायचा असेल तर आधी दांडा उभा करून पट्टीला टेकवायचा. खाली घेताना तर तो सोडायचाच नाही, सुटला तर सरळ जबड्यावर येतो. एवढं सांगून त्याने तिच्या मनगटांकडे पाहिलं.

"जोडीला कोण हाय?"

"बघते कोणतरी."

"थांबू काय मी?"

"दुकान उघडं टाकून आलायस. जा तू."

"हे झालं की मग स्टेअरिंग शिका," तो म्हणाला. "दिघीच्या जेटीवर पॅसेंजर सोडायला याल."

तिने त्याला चार असोले, न सोललेले नारळ दिले. टेम्पो रस्त्याला लागेपर्यंत ती फाटकाशी उभी होती.

मग तिने पदर खोचला. इतर चाकांना पुढून-मागून दगड लावले. वादळात पडलेल्या माडाच्या खोडाची जाड फळी जमिनीवर ठेवून तिच्यावर जॅकचा पाय बसवला. झाडूतून एक लांब हीर उपसून घेतला.

पहिल्या कोपऱ्याला तासभर गेला. दहा वेळा दांडा दाबायचा, उभा करायचा, वळसा घालून चाकापाशी जायचं, बसायचं, हीर सरकवायचा. हीर अडकायचा. गुडघ्यावर हात रोवून उठायचं, परत दांड्याकडे. चाक सुटलं की आणखी चार दाते वर, मग बांबूने ढकलत दोन चिरे कण्याखाली. हात आत घालायचा नाही, हा नवऱ्याचा नियम होता. तो तिने मोडला नाही. शेवटी एकेक दाता खाली घेताना ती मान मागे वळवून धरायची.

दुसऱ्या कोपऱ्याला फळी तिरकी झाली, सगळं उतरवून पुन्हा मांडावं लागलं. तिसरा त्या मानाने लवकर झाला. मधे रस्त्यावरून कोणी गेलं असतं तर तिने हाक मारली असती की नाही, कोण जाणे. कोणी गेलं नाही.

चौथ्या कोपऱ्याला उन्हं सुपाऱ्यांच्या शेंड्यांवर गेली होती. तळव्यांची आग होत होती. किती वेळा दाबलं ते तिने आता मोजलं नाही. दांडा उभा केला, वळसा घातला, चाकापाशी उकिडवी बसली आणि हीर सरकवला. तो टायरखालून गेला. कुठेही न अडकता पलीकडे निघाला.

"बस," तिने मान वर न करता सांगितलं.

पलीकडे दांडा पट्टीला टेकून उभा होता. त्यावर कोणाचाच हात नव्हता.