दुमडीतलं कापड

पडद्यावर अकरा समुपदेशक होते, अकराच्या अकरा हसरे. नणंदेने सकाळी फोनवर ॲप टाकून दिलं होतं आणि वर दमही भरला होता, "वहिनी, आज बोलायचंच. दादाचं डोकं फिरायची वेळ आणू नका."

शिवणवालीने कुणाचं शिक्षण वाचलं नाही की अनुभव. वीस वर्षांची सवय, तिने आधी खांदे बघितले. एकाचा कोट काखेत ताणला होता. एकीचा शर्ट असा कडक इस्त्रीचा, की ही बया आपलं काय ऐकून घेणार! नवव्या बाईची कॉलर एका अंगाला वाकडी बसली होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. हिच्यापुढे रडता येईल, असं मनाशी म्हणत तिने त्या फोटोवर बोट ठेवलं.

दुपारी तीनला मशीनला टेकवलेल्या फोनवर ती बाई दिसली. म्हणाली, "सावकाश सांगा. घाई नाही."

"घाई आहे हो. हे पाचला येतील." शिवणवालीने फोन सरळ केला. "आमची मुलगी गेली, त्याला दीड वर्ष झालं. सहा वर्षांची होती. तिचा शाळेचा फ्रॉक कपाटात आहे. वाढतं अंग म्हणून मी खालच्या दुमडीत चार बोटं कापड ठेवलं होतं. ते कुणीतरी सोडतंय. चार-पाच महिन्यांनी बोटभर. जुने टाके उसवून नवे घातलेले असतात."

"घरात आणखी कोण असतं?"

"हे आणि मी. ह्यांना साधं बटण लावता येत नाही, हे कसली दुमड सोडतात! हे म्हणतात, तूच करतेस आणि विसरतेस. आज फ्रॉक कुणाला तरी देऊन टाकणार आहेत."

बाईने शांतपणे समजावलं. दुःखात असं होतं, हात आपलं काम करून मोकळे होतात आणि मनाला आठवत नाही. यात वेड लागण्यासारखं काही नाही. शिवणवालीला हायसं वाटलं. इतक्या दिवसांत कुणी तिला वेडी नाही असं म्हटलं नव्हतं. तिने उठून फ्रॉक आणला आणि त्याचा काठ फोनसमोर धरला.

"पण टाका बघा ना. हा माझा हात आहे का?"

टाके मोठे होते, एक लांब, एक आखूड, मधेच दोरा ओढलेला. गाठी बाहेरून मारलेल्या.

"नवशिक्या हाताचे वाटतात," बाई बोलून गेली.

"तिला सुट्टीत शिकवायला घेतलं होतं. गाठ आतून मारायची, ते शिकवायचं राहिलं."

बाईचं वहीत चाललेलं पेन थांबलं. मग तिने विचारलं, "तुम्हाला भीती वाटते का?"

"पहिल्यांदा वाटली. आता नाही. पोटच्या पोरीला काय भ्यायचं!" शिवणवालीने फ्रॉकची घडी घालून तो मांडीवर घेतला. "परवा शेवटचं बोट सुटलं. दुमडीत आता कापडच नाही. हे नेतात तर नेऊ देत, तिला तो पुरायचाच नाही. मी नवा शिवायला घेते. फक्त एवढं सांगा, माप कशावरून घेऊ?"