द्वारकेचा आवाज

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला वर्ष होत आलं होतं. जामबागेतली द्वारका उर्दूतून बी.ए. झाली होती आणि आता एम.ए.चे तास इंग्रजीतून होणार होते. "हेमा, मला नाही गं झेपायचं," हे तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं, फक्त मैत्रिणीला, हेमलताला सांगितलं होतं.

"कायकू डरतेस? मी आहे की बाजूला," हेमलता म्हणाली होती.

पहिल्या दिवशी दोघी एकाच बाकावर बसल्या. वाळिंबे सरांनी हजेरीपट उघडला.

"द्वारका नांदेडकर."

ती तोंड उघडणार, एवढ्यात "प्रेझेंट, सर" ऐकू आलं. आवाज तिचाच होता, किंचित घोगरा. बोलली होती मात्र हेमलता.

सरांनी मान वर न करता खूण केली. मागच्या बाकांवरही कुणाला काही वावगं वाटलं नाही.

द्वारकेनं तिचा हात घट्ट धरला. "हेमा, हे काय गं?" तिचे ओठ हलले, पण आवाज फुटलाच नाही.

हेमलतानं शांतपणे हात सोडवून घेतला, उभी राहिली आणि द्वारकेच्या आवाजात म्हणाली, "सर, ही कोण आहे? मी हिला ओळखत नाही."