ठिपक्यांचा फ्रॉक

जुन्या फॅशनच्या डान्स पार्टीसाठी सूनबाईला सासूबाईंचा ठिपक्यांचा फ्रॉक हवा होता. सासूबाईंनी तो ट्रंकेतून काढला, उसवलेल्या शिवणीला टाके घातले, इस्त्री केली आणि जरा लाजतच विचारलं, "मी पण येऊ का गं? याच फ्रॉकवर मी कॉलेजात नाचाचं पहिलं बक्षीस मारलं होतं."

"अहो आई, तिथे केवढा दणदणाट असतो! तुम्हाला नाही झेपायचं," असं म्हणून सूनबाईने विषय तिथल्या तिथे मिटवला आणि आरशापुढे एक गिरकी घेतली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या धाकट्या बहिणीने भाच्याचं सांत्वन करायला घरी फोन लावला. तो सासूबाईंनीच उचलला, तशी ती किंचाळलीच. "ताई, तू? अगं, तो व्हिडिओ बघ आधी!"

व्हिडिओत सूनबाई स्टेजवर माइक धरून उभी होती. डोळ्यांच्या कडा अलगद टिपत, काजळ सांभाळत ती सांगत होती, "हा माझ्या सासूबाईंचा फ्रॉक. आज त्या असत्या, तर माझ्यासोबत इथे नाचल्या असत्या."

गाणं थांबवून अख्खा हॉल मान खाली घालून उभा राहिला. मग बक्षीस, टाळ्या आणि पुन्हा दणदणाट. व्हिडिओखाली श्रद्धांजलीची नुसती रीघ लागली होती.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत सगळ्यांच्या खाली लिहिलं,



"मी घरीच आहे. नाचून झालं असेल, तर फ्रॉक धुऊन जागेवर ठेव."