चौदावं गाणं

गेममध्ये एकूण चौदा गाणी होती, एखाद्या अल्बमसारखी. प्रत्येक गाणं म्हणजे एक लेव्हल. फोनच्या स्क्रीनवर गुलाबी-निळे ठिपके सरकत यायचे आणि ते बरोबर ठेक्यावर दाबायचे. ज्ञानेशने तेरा गाणी जिंकली होती. चौदाव्यात तो दर वेळी एकाहत्तर टक्क्यांवर अडकायचा, आणि रविवारपर्यंत तेही जिंकून दाखवतो, असं त्याने मित्रांच्या ग्रुपवर जाहीर केलं होतं.

सातपूरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून आलेले त्याचे वडील, भिमाजी, चहा पीत बघत होते.

"पप्पा, हे तालाचं काम आहे. तुमच्या प्रेस मशीनसारखं धाडधाड नाही."

"प्रेसलाही ताल असतो. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पेडल मारायचं. सव्वीस वर्षांत मी एकदाच चुकलो. आण इकडे."

ज्ञानेश हसला. घामाने बोटं घसरू नयेत म्हणून गेम खेळणारे घालतात त्या चार कापडी टोप्या त्याने काढून दिल्या. "दोन्ही हातांच्या पहिल्या दोन-दोन बोटांना घाला."

भिमाजींनी तीन घातल्या, एक परत दिली.

***

स्कोअर अठ्ठ्याण्णव टक्के आला. भिमाजींच्या उजव्या हाताला चार बोटं आहेत.